ऊन आणि केवडा एकदम आले तर: भेंडी-मिरचीच्या मळ्यात या चुका टाळा

कोकण किनाऱ्यावर उन्हाचा पहिला तडाखा मे महिन्याची वाट बघत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चमध्ये जमिनीवरून येणारा कोरडा वारा दुपारपर्यंत टिकला, खारा वारा सुटायला उशीर झाला, की रत्नागिरी, अलिबागकडे पारा ३७-३८ च्या पुढे जातो. किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ अंशांवर गेलं आणि ते नेहमीपेक्षा बरंच जास्त असलं, की हवामान खातं उष्णतेची लाट धरतं. मैदानात हाच आकडा ४० आहे. भात निघाल्यावर लावलेली भेंडी, मिरची, चवळी, कलिंगड नेमकी याच दिवसांत भरात असतात आणि भेंडीवरचा केवडा (पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा) आणि मिरचीवरचा बोकड्या (पानं आकसवणारा) हे विषाणूचे रोग पसरवणारी पांढरी माशीही याच दिवसांत वाढते. दरवर्षी मळे हातचे जातात ते बहुतेक इथेच.

ऊन वेगळं, रोग वेगळा असं धरणं

बाकीच्या बहुतेक चुका या एका समजुतीतून निघतात. उन्हावर पाणी आणि रोगावर औषध, असा हिशोब आपण मांडतो. झाडाला मात्र दोन्ही एकाच वेळी सोसावं लागतं आणि त्याची ताकद मर्यादित असते.

२०१३ साली जर्मनीतल्या संशोधकांनी अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या लहान झाडाला उष्णता, पाण्याची ओढ आणि टर्निप मोझॅक विषाणू असं तिन्ही एकदम दिलं. नुसत्या विषाणूला तोंड देताना झाडाची जी संरक्षणाची जनुकं जागी होत होती, त्यातली बरीचशी ऊन आणि तहान सोबत आल्यावर मंदावली. एकेका ताणाला झाड काय करतं यावरून तिन्ही एकत्र आल्यावर ते काय करेल, हे सांगताच येत नव्हतं. तंबाखूत याहून जुनं उदाहरण आहे. तंबाखू मोझॅक विषाणूला अडवणारं ‘एन’ नावाचं जनुक साधारण २८ अंशांपर्यंत चोख काम करतं, त्यावर गेलं की विषाणू झाडभर पसरतो. आपल्याकडे मार्चमध्ये २८ अंश सकाळी चहा-न्याहारी होईपर्यंत ओलांडलेले असतात. भेंडीत तंबाखूचं जनुक नाही, पण तापलेलं झाड रोगाशी कमी ताकदीने लढतं, ही गोष्ट अनेक पिकांत दिसली आहे.

म्हणून उन्हाचा ताण कमी करणं हा रोगावरच्या उपायाचाच भाग आहे. केवडा पडल्यावर धावाधाव करणाऱ्या शेतकऱ्याला ही गोष्ट कुणीच सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

दुपारी पान बघून निदान करणं

दुपारी दोनला मळ्यात उभं राहिलं तर प्रत्येक मिरची रोगट दिसते. पानांच्या कडा वर वळलेल्या, शेंडे मान टाकलेले. त्याच झाडाकडे दुसऱ्या दिवशी उजाडताना जा. पान सरळ झालं असेल तर तो उन्हाचा त्रास होता. सकाळीही पान आकसलेलंच असेल, शेंड्याची नवी पानं बारीक, जाडसर, शिरा फुगलेल्या असतील, पेरं आखूड पडली असतील, तर तो विषाणूचा बोकड्या असण्याची शक्यता जास्त.

तरी घाई करू नका, पान उलटं करून बघा. फुलकिड्यांनी खरवडलेलं पान होडीसारखं वर वळतं आणि खालून चंदेरी-तपकिरी दिसतं. कोळी असेल तर पान खाली वळतं आणि देठ लांबतो. तिन्हींना गावात ‘चुरडा-मुरडा’च म्हणतात, पण कोळ्याला चालणारं औषध पांढऱ्या माशीला चालेलच असं नाही आणि पांढऱ्या माशीचं कोळ्याला. भेंडीत ओळख सोपी आहे. शिरांचं पिवळं जाळं उठून दिसतं, मधला भाग आधी हिरवा राहतो, मग सगळं पान पिवळं पडतं आणि भेंडी फिकट, राठ निघते.

उन्हात तग धरतंय म्हणून रोगट झाड ठेवणं

ही चूक समजूतदार माणूसही करतो, कारण डोळ्यांना दिसतं ते खरं वाटतं. शेजारचं निरोगी झाड कोमेजलेलं आणि पिवळं झाड ताठ. टोमॅटोची पानं आकसवणाऱ्या पिवळ्या लीफ कर्ल विषाणूवर जॉर्डन आणि इस्रायलमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये असंच काहीसं नोंदवलं: लागण झालेल्या झाडांत उष्णतेला द्यायचा प्रतिसाद सौम्य झालेला होता. विषाणूला जिवंत झाडच हवं असतं. रोगट झाडाचा ताठपणा तुमच्या कामाचा नाही, कारण त्याच झाडावर बसलेली माशी पुढच्या ओळीत जाते आणि एकदा विषाणू घेतला की बहुधा मरेपर्यंत वाहते.

उपटायचं तेही पहाटे. त्या वेळी माशी सुस्त असते. आधी झाडावर गोणपाट किंवा प्लास्टिकची पिशवी अलगद घाला, मग मुळासकट उपटा आणि मळ्याबाहेर नेऊन जाळा किंवा पुरा. भर दुपारी झाड हलवून उपटलं तर माशांचा थवा उठून चांगल्या झाडांवर बसतो. उगवणीनंतरच्या पहिल्या महिन्यात लागण झाली तर भेंडीतून फारसं काही मिळत नाही, तेव्हा ‘चार भेंड्या तरी निघतील’ म्हणून थांबू नका. अर्ध्याहून जास्त झाडं पिवळी झाली असतील तर मात्र एकेक उपटण्यात अर्थ नाही, मळा मोडून टाका. बांधावरची रानभेंडीही काढा, रोग तिथे दबा धरून बसतो.

फवारणी आणि युरिया

विषाणू मारणारं औषध बाजारात नाही. बुरशीनाशक किंवा प्रतिजैविक फवारणं म्हणजे पैसे पाण्यात. मारायची ती माशी, आणि तीही जपून. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक पुन्हा पुन्हा मारलं की मित्रकीटक संपतात आणि पांढरी माशी पहिल्याहून जोरात येते. भेंडी एकाआड एक दिवस तोडायची असते, म्हणून लेबलवरचा काढणीपूर्वीचा कालावधी (फवारणीनंतर तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते) वाचल्याशिवाय काहीही मारू नका. आमचा भर ५ टक्के निंबोळी अर्कावर असतो. तोही ऊन उतरल्यावर आणि पानांच्या खालच्या बाजूने, कारण पिल्लं तिथेच चिकटलेली असतात. भर उन्हात फवारलं तर पानं करपतात आणि तो करपाही विषाणूच्या नावावर खपतो.

पपई, काकडी, कलिंगडावर मावा जे मोझॅक (पानांवर पिवळे-हिरवे चट्टे पाडणारे विषाणूचे रोग) आणतो, तिथे फवारणीचा उपयोग आणखी कमी. मावा काही सेकंद पान चाखतो तेवढ्यात विषाणू देऊन जातो, औषध चढेपर्यंत काम झालेलं असतं.

झाड मलूल दिसलं की मूठभर युरिया टाकायची सवय सोडा. कोवळी, लुसलुशीत पालवी रस शोषणाऱ्या किडींना आयतीच मिळते.

झाकताना झालेली गफलत

काळं प्लास्टिक पसरलं की तण थांबतं, पण कातळावरची उथळ जमीन मार्चमध्ये मुळाशी आणखी तापते. पसरायचंच असेल तर चंदेरी बाजू वर ठेवा. परतणाऱ्या उजेडाने मावा आणि पांढरी माशी बिचकतात. भाताचा पेंढा सगळ्यात स्वस्त आणि मुळं थंड ठेवणारा, पण तो वाळवीला आवडतो, म्हणून खोडापासून वीतभर दूर घाला.

रोपवाटिकेवर बारीक कीडजाळी लावणं बरोबरच, पण चारही बाजूंनी घट्ट बांधून वरून ऊन पडलं तर आत भट्टी होते. वरून झापांची विरळ सावली द्या आणि जाळी उंच ठेवा. पाणी पहाटे द्या. जांभ्याच्या मातीत ओल टिकत नाही, तेव्हा आठवड्यातून एकदा पाट भरून देण्यापेक्षा थोडं थोडं, वरचेवर दिलेलं बरं. मळ्याभोवती मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन ओळी भेंडीच्या आधी तीन-चार आठवडे लावल्या तर माशीची येजा थोडी अडते आणि गरम वाराही.

बियाणं आणि वेळ

परभणी क्रांती, अर्का अनामिका या वाणांना केवड्याला प्रतिकारक म्हणून नाव मिळालं, पण अनेक भागांत त्यांच्यावरही आता केवडा दिसतो. प्रतिकारक वाण घ्याच, फक्त त्याच्या भरवशावर बाकीची कामं सोडू नका. दापोलीच्या कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन, आपल्या भागात सध्या कोणतं वाण टिकतंय ते विचारून घ्या.

चवळीचं घरचं बियाणं धरताना आणखी एक गोष्ट सांभाळा. कडक उन्हात काही मोझॅकची चिन्हं फिकी पडतात, झाड बरं झाल्यासारखं दिसतं, पण विषाणू आत असतो आणि चवळीतले काही मोझॅक बियाण्यातून पुढच्या पिकात जातात. त्यामुळे बियाण्याची झाडं जानेवारीत, पानं स्वच्छ दिसतात तेव्हाच निवडून त्यांना दोरा बांधा. एप्रिलमध्ये शेंगा वाळल्यावर त्याच झाडांच्या घ्या.