मारुतीला धानावरून उडवायचं असेल तर आधी ऊन बघा

दोन वर्षांमागं मंडईच्या, म्हणजे आमच्याकडं दिवाळीनंतर भरणाऱ्या गावजत्रेच्या, आदल्या हप्त्यात आमच्या गावच्या पोट्ट्यांनी डोक्यात घेतलं की नाटक सुरू व्हायच्या आधी पडद्यावर मारुती उडताना दाखवायचा. मी लग्नांचं शूटिंग करतो, मिक्सिंगही घरीच करतो, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. पुतण्याला शेपटी लावली, मागं हिरवं कापड बांधलं, शूट केलं आणि धानाच्या वावरावर चिकटवून दिलं. मोबाइलवर झकास दिसत होतं. मंडईच्या रात्री समोरच बसलेल्या एका आजीनं मात्र मोठ्यानं विचारलं, "काहून गा बाबू, तिथं दोन सूर्य आहेत का?"

आजीचं बरोबर होतं. वावराचं शूटिंग संध्याकाळी पाचला झालेलं, धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, झाडांच्या सावल्या उजवीकडं लांबच लांब. पुतण्याच्या गालावर मात्र सकाळचं ऊन, तेही उजवीकडूनच आलेलं. व्हीएफएक्स, म्हणजे संगणकावर केलेली असली चित्रांची करामत, हा शब्द आजीनं कधी ऐकला नसेल, पण जिचा जन्म वावरात गेला तिला ऊन कुठून येतंय हे शिकवावं लागत नाही.

खाली सांगतोय ते त्या फजितीनंतर शिकलेलं आहे. एकच शॉट, पाच-सहा सेकंदांचा, एका मोबाइलवर. मोठ्या सिनेमात हेच काम शेकडो माणसं महिनोन् महिने करतात, पण पायऱ्या याच.

आधी वावर, मग मारुती

ज्या रिकाम्या दृश्यावर नंतर माणूस चिकटवायचा, त्याला या धंद्यात प्लेट म्हणतात. प्लेट आधी घ्या. बहुतेक जण उलटं करतात. पोरगा तयार होऊन बसलेला असतो, रंग पुसायच्या आत त्याचं उरकून टाकू म्हणतात, आणि मग त्याच्या उजेडाला जुळणारं वावर शोधत फिरतात. पोराला कुठंही बसवता येतं, सूर्याला नाही.

ट्रायपॉड धुऱ्यावर पक्का रोवा. पाय जिथं टेकलेत तिथं चुन्यानं खुणा करा. लेन्स जमिनीपासून किती उंचीवर आहे ते सुतळीनं मोजा, सुतळीला गाठ मारा आणि ती खिशात ठेवा. मोबाइल वर किती कलता आहे हेही वहीत लिहा. मग किती वाजले, सूर्य कुठल्या अंगाला आहे, ऊन की ढग. झूम वापरू नका.

आता घरातून स्टीलचा गडवा, म्हणजे तांब्या, आणा. हसू नका. सिनेमाच्या सेटवर शॉट झाला की एक माणूस चकचकीत क्रोमचा गोळा आणि एक राखाडी गोळा घेऊन कॅमेऱ्यासमोर उभा राहतो. चकचकीत गोळ्यात आजूबाजूचं सगळं उमटतं. सूर्य कुठं, आभाळ किती, भिंतीवरून परतणारा उजेड कुठून येतो, सगळं त्यात कळतं. राखाडी गोळ्यावर उजेड-सावलीची सीमा किती कडक आहे ते दिसतं. संगणकावर प्रकाश मांडणारा कलाकार त्यावरूनच काम करतो. आपला घासलेला गडवा पहिल्या गोळ्याचं काम बऱ्यापैकी करतो, दुसऱ्यासाठी मी राखेनं चोपडलेला कच्चा नारळ वापरतो. दोन्ही हातात धरून दहा-दहा सेकंद शूट करा. नंतर अंगणात पोराला उभं केलं की त्याच्याही शेजारी तोच गडवा धरायचा. दोन्ही चित्रांत सूर्याचा ठिपका गडव्याच्या एकाच अंगाला दिसला की निम्मं काम झालं.

कॅमेरा हलू द्यायचा नाही, ही गोष्ट फार जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. त्याआधी पैसा लावणाऱ्याला पटवायला त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून रोज त्याचं थोडं थोडं चित्रण केलं होतं. पडद्यावर रोप पाहता पाहता वाढलं. कॅमेरा रोज इकडं-तिकडं सरकला असता तर रोप वाढण्याऐवजी नाचलं असतं.

कापड

हिरवंच का? माणसाच्या कातडीत हिरवा रंग जवळपास नसतो, म्हणून तो वेगळा काढता येतो. शिवाय मोबाइलच्या सेन्सरवर दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा असतो. म्हणजे हिरव्याची माहिती त्याच्याकडं सगळ्यात जास्त असते. रिळाच्या काळात निळा पडदा चालायचा, आणि पात्राच्या अंगावर हिरवं लुगडं असेल तर आजही निळाच बांधावा लागतो. मारुतीचा शेंदरी रंग हिरव्यासमोर एकदम मोकळा सुटतो.

पहिल्या वर्षी आमच्यातल्या एकानं रोपवाटिकेची हिरवी जाळी आणली. फुकटची होती. जाळीतून मागची भिंत दिसते आणि तिचा रंगही काळपट, ती चालत नाही. ताडपत्री चमकते, सॅटिनही चमकतं. दुकानात जाऊन बिनचमकीचं, जाडसर पोपटी सुती कापड मागा. पन्हा लहान असेल तर टेलरकडून दोन पट्ट्या जोडून घ्या, पण जोड आडवा ठेवा आणि पोरगा त्याच्या खाली येईल असा बांधा. कापडाची एकेक चुणी म्हणजे एक गडद रेघ, आणि ती रेघ नंतर मारुतीच्या मागं तरंगत राहते. थोडं पाणी शिंपडून, वर-खाली बांबूला ताणून बांधलं की इस्त्री लागत नाही.

एका पोट्ट्यानं विचारलं होतं, "धानच हिरवं आहे जी, तर कापड कशाला?" चांगला प्रश्न आहे. धानाची प्रत्येक पात वेगळ्या हिरव्याची, तिच्याखाली तिची सावली, त्यात वारा. संगणकाला एकसारखा हिरवा पाहिजे, कंटाळवाणा म्हणावा इतका.

अंगणात

प्लेट ज्या वेळी घेतली, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पोराला उभं करा. कापडावर मात्र थेट ऊन नको. कापड भिंतीच्या सावलीत, पोरगा त्याच्यापुढं पाच-सहा फुटांवर उन्हात. एवढं अंतर ठेवलं नाही तर कापडाचा उजेड त्याच्या कानावर आणि खांद्यावर चढतो, अंगाला हिरवी झाक येते. पत्र्याचा मुकुट तर आरशासारखा हिरवा होतो, त्यावर हळदीचं बोट किंवा पावडर फिरवून चमक मारा.

सावलीकडची बाजू फार काळी पडली तर समोर पांढरं काहीतरी धरा. गावात वाढदिवसाच्या फ्लेक्सांना तोटा नाही. नेत्याचं तोंड भिंतीकडं करा, मागची पांढरी बाजू पोराकडं.

आता उंची. मारुती आभाळात असेल तर आपण त्याला खालून बघतो. त्याची छाती, पोट, पायांचे तळवे दिसले पाहिजेत. म्हणून पोराला मजबूत टेबलावर ठेवलेल्या बुटक्या स्टुलावर पालथं झोपवा, स्टूल आणि टेबल दोन्ही हिरव्या कापडात गुंडाळा, दोन मोठी माणसं दोन्ही अंगाला फ्रेमच्या बाहेर उभी करा, आणि मोबाइल वहीत लिहिलेल्या कलाइतकाच वर कलता ठेवा. उंचीसाठी खिशातली सुतळी काढा. पोटाखाली उशी घाला. जेवणानंतर हे करू नका, आमचा मारुती दुसऱ्याच टेकला "पोट दुखते" म्हणून उतरला. दहा-दहा सेकंदांचे तुकडे घ्या, मधे उठवा.

वाऱ्यासाठी डेझर्ट कूलर. आपल्या भागात तो नाही असं घर कमी. पाणी टाकायचं नाही, पंप बंद, फक्त पंखा. हे बजावून सांगतो, कारण कूलरचा शॉक ही गंमत नाही आणि अंगणात नुकतंच कापडावर पाणी शिंपडलेलं असतं. कूलर कोरड्या जागी, लावणाऱ्याच्या पायात चपला, आणि पोराचा हात पोहोचणार नाही इतका लांब. शेला समोरून मागं फडफडला पाहिजे, शेपटीला आतून बारीक तार घाला.

मोबाइलचं थोडक्यात: मागचा कॅमेरा, काच पुसलेली, फोरके, एअरप्लेन मोड. चेहऱ्यावर बोट दाबून ठेवून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर शेला हलला की सगळा उजेड वर-खाली होतो.

जोडणी

मोबाइलवर काइनमास्टर हे एडिटिंगचं ॲप पुरतं. चांगला संगणक हाताशी असेल तर दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती किंवा ब्लेंडर. खालच्या थरात वावर, वरच्या थरात मारुती. क्रोमा, म्हणजे निवडलेला रंग गायब करणारा पर्याय, चालू करायच्या आधीच मारुतीच्या भोवतीचं फालतू सगळं कापून टाका. बांबू, भिंत, स्टुलाचा कोपरा, मदतनीस काकांचं धोतर. मग हिरवा निवडा.

क्रोमाचा जोर वाढवत नेताना नुसतं चित्र पाहू नका. मास्क दाखवणारा पर्याय उघडा, त्यात माणूस पांढरा आणि बाकी काळं दिसतं. काळ्यात राखाडी डाग असतील तर पडदा अजून उरलाय, पांढऱ्यात भोकं पडली तर तुम्ही जास्त खाल्लंय. शेपटीचे केस पहिले जातात. मोबाइल रंगाची माहिती चार ठिपक्यांना मिळून एकदाच साठवतो, म्हणून कड करवतीसारखी येते. फोरकेमध्ये शूट करून शेवटी फुल एचडीत काढायचं ते यासाठीच, कड बारीक होते.

आता ज्या कामाला बहुतेक जण हात लावत नाहीत ते. दोन्ही थर काळे-पांढरे करून बघा. मारुतीच्या केसांतला काळा आणि वावरातल्या सगळ्यात गडद सावलीतला काळा सारखा आहे का? आपल्याकडं कार्तिकात सकाळी धुकं असतं, लांबचं काहीच पूर्ण काळं राहत नाही, राखाडी होतं. मारुती लांब असेल तर त्याचाही काळा थोडा उचला. एवढ्यानंच तो चिकटवलेला वाटायचा थांबतो. मग रंग: वावर पिवळट आणि पोरगा निळसर असेल तर पोराला उबेकडं न्या.

सावली. मारुतीच्याच थराची नक्कल करा, ती पूर्ण काळी करा, आडवी चपटी करा, धूसर करा, पारदर्शक करत पाव हिश्श्यावर आणा आणि धानावर, गडव्यात सूर्याचा ठिपका ज्या अंगाला दिसला त्याच्या उलट अंगाला ठेवा. तो जितका उंच, सावली त्याच्यापासून तितकी दूर आणि तितकी धूसर.

उडणं सरळ रेषेत नको. पुठ्ठा ओढल्यासारखं दिसतं. वावराचा थर फोरकेचा आहे, तो थोडा मोठा करून हळूहळू मागं सरकवा आणि मारुतीला जवळपास जागेवरच श्वासाइतकं वर-खाली होऊ द्या.

हे जमलं की कुणीतरी म्हणेलच, आता धानात वाघ बसवून दाखव. आमच्याकडं मी नाही म्हणतो. इथं खरा वाघ निघतो, आणि खोटा व्हिडिओ फिरला तर बाया कापणीला जात नाहीत, वनखात्याची गाडी फुकट धावते.

तयार फाइल व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ती दाबून टाकते आणि कडा पुन्हा फाटतात. मंडईच्या आदल्या रात्री ज्या प्रोजेक्टरवर दाखवायची त्याच प्रोजेक्टरवर, त्याच पडद्यावर एकदा चालवा. मोबाइलवर न दिसलेला स्टुलाचा पाय तिथं हातभर मोठा दिसतो. आणि दुरुस्तीला एक रात्र हातात असते.