बिनबियांच्या फळांवर काम करायचंय? आधी कळी हाताळायला शिका

जनुक संपादनाकडे नव्याने वळणारे बहुतेक जण क्रिस्परचा, म्हणजे डीएनए नेमक्या जागी कापून जनुक बदलण्याच्या तंत्राचा, अभ्यास करून येतात. कापायची जागा दाखवणारा मार्गदर्शक आरएनए कसा निवडायचा, कॅस9 हे कापणारं प्रथिन डीएनए कुठे कापतं, सगळं पाठ असतं. ते हवंच. पण टोमॅटोवर काम करताना माझा बराचसा वेळ गेला तो कळ्यांपाशी आणि ऊतीसंवर्धनाच्या बरणीतल्या कोंबांपाशी.

फुलातल्या ज्या भागाचं फळ होतं, त्या बीजांडकोशाची वाढ फलन होईपर्यंत रोखलेली असते. टोमॅटोत ती रोखणाऱ्या जनुकांपैकी एक आयएए9. ते बंद पाडलं की फलनाविना, म्हणजे बी न धरता, फळ वाढतं. 2017 मध्ये जपानी संशोधकांनी क्रिस्परने हे करून दाखवलं. मात्र त्या झाडांची संयुक्त पानं साधी झाली. म्हणून फळाची वाट बघत बसू नका, पानं बघा. एका जनुकाकडे किती कामं असतात हे तिथेच कळतं.

फळ कापलं, बी दिसलं नाही, एवढ्यावर निष्कर्ष काढू नका. पराग निकामी असला तरी बी धरत नाही. खरी परीक्षा कळीवर होते. कळी उमलण्याआधी, पाकळ्या जेमतेम पिवळ्या पडू लागल्या की बारीक चिमट्याने परागकोशांचा शंकू अलगद काढायचा. आतल्या कुक्षीवृंताला धक्का लागला तर ती कळी बाद समजा. मग फुलाला खूणचिठ्ठी बांधायची. शेजारी मूळ वाणाच्या कळ्याही अशाच तयार ठेवायच्या. त्या गळाल्या आणि तुमच्या झाडावरचा बीजांडकोश फुगत गेला, तरच बोला. हे काम मला आजही सगळ्यात आवडतं.

पहिल्या पिढीतलं रोप बरेचदा मिश्र असतं, एका फांदीत बदल असतो, दुसरीत नसतो. तेव्हा एकाच पानाच्या तपासणीवर विसंबू नका.

बदल घडवण्यासाठी रोपात घातलेलं कॅस9चं जनुक नंतर नको असतं; टोमॅटोत ते पुढच्या पिढीत वेगळं काढता येतं. द्राक्षात तसं जमत नाही, कारण संकर केला की वाणाचे गुणच विस्कटतात. तिथे कॅस9 प्रथिन थेट पेशीत सोडण्याचा मार्ग आहे, पण एका पेशीपासून अख्खं रोप उभं करणं फार चिवट काम. त्यामुळे प्रयोगशाळा निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा: तुमच्याकडे या वाणाची रोपं ऊतीसंवर्धनातून उभी राहतात का? उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरं पीक निवडा.