कुत्र्याच्या शरीरातील पाणी आणि मूत्रपिंड : या चुका टाळा

आमची अकरा वर्षांची देशी कुत्री ठाण्यातील उपवन तलावाच्या फेरीला निघताना लिफ्टमध्येच लघवी करू लागली, तेव्हा मी रात्री तिचे पाण्याचे भांडे उचलून ठेवू लागलो. तिसऱ्या रात्री ती न्हाणीघरातील ओली फरशी चाटताना दिसली. कुत्र्याचे पाणी तोडणे हीच या विषयातील सर्वांत घातक चूक होय. मूत्रपिंड क्षीण झाले की लघवी दाट करण्याची त्याची क्षमता जाते, शरीरातील पाणी वाहून जाते आणि ती तूट भरून काढण्यासाठीच कुत्रा अधिक पाणी पितो; म्हणून भरपूर पाणी पिणाऱ्या कुत्र्याच्या शरीरातही पाणी कमी असू शकते.

अंदाजावर न राहता चोवीस तासांचे पाणी मोजावे. दर किलो वजनामागे दिवसाला ५० ते ६० मिली पाणी साधारण मानले जाते. १०० मिलीच्या वर, म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याने दोन लिटरहून अधिक पाणी पिणे, हे तपासणीचे कारण आहे. मात्र मधुमेहात किंवा मादीच्या गर्भाशयात पू झाल्यासही तहान वाढते, त्यामुळे निदान घरी करू नये.

दुसरी चूक मानेवरील कातडी चिमटीत उचलून सोडल्यावर ती किती लवकर बसते, यावरून शरीरातील पाणी ओळखण्यावर विसंबण्याची आहे. म्हाताऱ्या, रोडावलेल्या कुत्र्याची कातडी एरवीही सावकाश बसते, तर लठ्ठ कुत्र्याची पाणी कमी असतानाही चटकन सपाट होते. त्याऐवजी हिरडीला बोट लावून पाहावे. ती ओलसर न लागता चिकट लागली, किंवा दाबल्यावर पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाला नाही, तर दवाखान्यात नेण्यास थांबू नये. हिरड्या काळ्या असल्यास रंग कळत नाही. चिकटपणा मात्र कळतो. ठाण्याच्या दमट उकाड्यात धापा टाकूनही कुत्र्याचे अंग नीट थंड होत नाही, तेव्हा ही तपासणी रोजची असावी.

दवाखान्यात गेल्यावर घाईने सलाइन लावले जाते. कुत्रा अत्यवस्थ नसेल, तर रक्त आणि लघवीचे नमुने त्याआधी घेण्याची विनंती करावी, कारण सलाइननंतर लघवी पातळ होते आणि मूत्रपिंड ती दाट करू शकत होते की नाही, हे समजत नाही. क्रिएटिनिन हा मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ; ‘क्रिएटिनिन नॉर्मल’ एवढ्यावरही निश्चिंत होऊ नये. मूत्रपिंडाचे सुमारे ७५ टक्के कार्य गेल्यावरच ते ठळकपणे वाढते. एसडीएमए ही रक्ताची दुसरी चाचणी बहुधा त्याआधी इशारा देते.

मूत्रपिंडाला इजा होऊ नये म्हणून माणसांची आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी कुत्र्याला देऊ नये, द्राक्षे व मनुकेही नकोत. मरगळलेल्या कुत्र्याच्या तोंडात सिरिंजने बळेच पाणी ओतल्यास ते फुप्फुसात जाऊ शकते.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून, उंदरांच्या मूत्रामुळे, लेप्टोस्पायरोसिस होऊन काही दिवसांतच मूत्रपिंड निकामी होऊ शकते. ताप, उलट्या आणि घटलेली लघवी एकत्र दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हा रोग माणसालाही होतो, तेव्हा अशा कुत्र्याची लघवी पुसताना हातमोजे घालावेत.