‘द क्रुसिबल’ अभ्यासाला लागलंय? मग आधी हे वाचा

एमए इंग्लिशला मला आर्थर मिलरचं ‘द क्रुसिबल’ होतं, पुढे डिसर्टेशनही त्याच्यावरच केलं, आणि आता ज्युनियर मुलं-मुली सारखं विचारतात की ताई सुरुवात कुठून करू, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

गाईडमधलं "सेलम म्हणजेच मॅकार्थीवाद" हे वाक्य (सेलम म्हणजे १६९२ मध्ये चेटकिणींचे खटले झाले ते अमेरिकेतलं गाव, नाटक तिथेच घडतं; मॅकार्थीवाद म्हणजे १९५० च्या आसपास अमेरिकेत चाललेली कम्युनिस्टांची शोधाशोध) पाठ करून थांबू नका. त्यावर पास व्हाल पण नाटक हाताला लागणार नाही. आधी काळ नीट लावून घ्या. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाची जी ‘अन-अमेरिकन’ कारवायांची चौकशी समिती होती ती १९३८ पासूनची, १९४७ मध्ये तिने हॉलिवूडवाल्यांना बोलावलं आणि कम्युनिस्ट आहात का याचं उत्तर द्यायला नकार देणारे दहा जण अवमानाच्या आरोपाखाली जेलमध्ये गेले. मॅकार्थी गाजला तो सरकारात कम्युनिस्ट घुसलेत असा आरोप करणाऱ्या १९५० च्या फेब्रुवारीतल्या भाषणानंतर, आणि तो होता सिनेटर, म्हणजे या समितीचा तो सदस्यच नव्हता. पेपरात हे दोन्ही सर्रास एक करून टाकतात, तुम्ही करू नका.

आता खरी गोष्ट. त्या समितीसमोर सुटायचं कसं, तर स्वतःची चूक कबूल करायची आणि सोबत आणखी कोण होतं त्यांची नावं द्यायची. नावं बऱ्याचदा समितीला आधीच माहीत असायची, तरी ती तुमच्या तोंडून हवी असायची. एलिया कझान, ज्याने मिलरचं ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ बसवलं होतं, त्याने एप्रिल १९५२ मध्ये जुन्या नाटक कंपनीतल्या आठ साथीदारांची नावं दिली. त्याच सुमारास मिलर सेलमला जाऊन १६९२ च्या खटल्यांची कागदपत्रं वाचत होता. तिथेही तोच हिशोब: चेटूक केलं म्हणून कबूल केलं, इतरांकडे बोट दाखवलं तर जीव वाचतो, आणि मी निर्दोष आहे म्हटलं तर फाशी. १९ जण फासावर गेले.

म्हणून माझं ठाम मत आहे, नाटक वाचताना पेन्सिल घेऊन बसा आणि जिथे जिथे कोणी कोणाकडून नाव मागतंय तिथे खूण करा. पहिल्या अंकात टिट्युबा या गुलाम बाईकडून नावं काढून घेतात, मग चेटकाचे आरोप करणाऱ्या मुली एकामागून एक नावं ओरडायला लागतात. तिसऱ्या अंकात म्हातारा जाइल्स कोरी, त्याला माहिती देणाऱ्या माणसाचं नाव सांगायला नकार देतो कारण ते सांगितलं की तो माणूस जेलमध्ये जाणार हे त्याला कळतं, आणि त्याला तिथल्या तिथे कोर्टाच्या अवमानासाठी अटक होते. चौथ्या अंकात नाटकाचा नायक, शेतकरी जॉन प्रॉक्टर, स्वतःपुरतं खोटं कबूल करायला तयार होतो, पण न्यायाधीश डॅनफर्थ विचारतो की रिबेका नर्सला (गावातली सज्जन म्हातारी) सैतानाबरोबर पाहिलंस का, तिथे तो अडतो. सही तर करतो, पण तो कागद चर्चच्या दारावर लागणार म्हटल्यावर देत नाही, फाडून टाकतो. हा सीन मोठ्याने वाचा, खरंच, मनातल्या मनात वाचून त्यातला ताण कळत नाही.

आता तारखा बघा. नाटक ब्रॉडवेवर आलं २२ जानेवारी १९५३ ला. मिलरला स्वतःला समितीसमोर उभं केलं १९५६ मध्ये. स्वतःबद्दल तो बोलला, पण कम्युनिस्ट लेखकांच्या बैठकीत कोण कोण होतं ते सांगायला नकार दिला आणि १९५७ मध्ये अवमानासाठी दोषी ठरला, जाइल्स कोरीसारखाच. १९५८ मध्ये अपिलात सुटला. म्हणजे नाटक आधी आणि जबाब नंतर, हे लक्षात ठेवा, कारण मिलरने स्वतःची साक्षच नाटकात घातली असं लिहिलेलं मी वाचलंय आणि ते चक्क चुकीचं आहे.

व्हायवाला एक प्रश्न हमखास येतो: चेटकिणी नव्हत्याच, पण कम्युनिस्ट तर होते ना, मग तुलना कशी चालते? आक्षेपात दम आहे, टाळू नका. सोव्हिएत हेरही खरे होते. माझं उत्तर असं की एक तर १६९२ मध्ये चेटूक आहे याबद्दल न्यायाधीशांना शंकाच नव्हती, आणि दुसरं म्हणजे मिलर बोट ठेवतोय ते पुराव्याच्या पद्धतीवर, जिथे आरोप नाकारणं हाच गुन्ह्याचा पुरावा धरला जातो आणि दुसऱ्याला अडकवणं हाच सुधारल्याचा पुरावा. गुन्हेगार खरा असला तरी ही पद्धत न्यायाची होत नाही.

नाटकाची दुबळी बाजूही लिहा. नाटकात आरोप करणाऱ्या मुलींची म्होरकी असलेली अबिगेल प्रत्यक्षात ११-१२ वर्षांची होती आणि प्रॉक्टर साठीचा, त्यांचं लफडं मिलरने रचलंय. त्यामुळे अख्ख्या गावाच्या भीतीचं, जमिनीच्या भांडणांचं ओझं बरंचसं एका पोरीच्या मत्सरावर येऊन पडतं, हे मला आजही खटकतं आणि स्त्रीवादी वाचनाला इथे भरपूर जागा आहे.

१९९६ चा सिनेमा जरूर बघा, पटकथा मिलरचीच आहे, पण नाटक पूर्ण वाचून झाल्यावर. त्यात सुरुवातीला जंगलातला नाच दाखवलाय, स्टेजवर तो घडतच नाही, फक्त त्याबद्दल ऐकू येतं. पेपरात तो पहिल्या अंकातला सीन म्हणून लिहिलात तर तपासणाऱ्याला लगेच कळतं.