आधी काप, मग इंटिग्रल

बारावीला इंटिग्रेशनची सूत्रं धडाधड पाठ होतात. पण रांजणात पाणी किती मावेल किंवा घुमटाला रंग किती लागेल असं विचारलं की पेन अडतं, कारण सूत्राआधीची पायरी, म्हणजे वस्तूचे काप कसे पाडायचे, ही कुणी घोटून घेत नाही. एका कापाचं माप बरोबर लिहिता आलं की पुढे नुसती बेरीज उरते, आणि तीच बेरीज म्हणजे इंटिग्रल. लायब्निट्झने १६७५ मध्ये वापरायला घेतलेलं ∫ हे चिन्ह म्हणजे ‘बेरीज’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाचं पहिलं अक्षरच आहे, लांब ओढलेलं.

वावराच्या क्षेत्रफळापासून सुरुवात करू. एका बाजूला सरळ रस्ता, दुसऱ्या बाजूला वाकडातिकडा नाला. रस्त्याकडेने दर १० मीटरला खुंटी ठोका आणि प्रत्येक खुंटीपासून नाल्यापर्यंत टेप धरा. समजा मापं आली ८, १२, १८, २१, २०, १४, ६ मीटर. सात मापं, म्हणजे सहा पट्ट्या. सिम्प्सनच्या नियमाने पहिलं आणि शेवटचं माप एकदा, दुसरं-चौथं-सहावं चार वेळा, तिसरं-पाचवं दोन वेळा घ्यायचं:

१४ + ४ × ४७ + २ × ३८ = २७८

याला पट्टीच्या रुंदीच्या तिसऱ्या भागाने, म्हणजे १०/३ ने गुणलं की ९२६.७ चौरस मीटर, सातबाऱ्याच्या भाषेत सव्वानऊ आर. प्रत्येक पट्टी समलंब चौकोन धरून साधी बेरीज केली तर ९२० येतात. टेप रस्त्याला काटकोनातच हवा. तिरका धरला की प्रत्येक माप वाढतं आणि वावर कागदावर फुगतं. पट्ट्यांची संख्या सम असावी लागते, विषम आली तर शेवटची पट्टी समलंबाने वेगळी मोजा. दोन खुंट्यांच्या मध्ये नाल्याने मोठं वळण घेतलं असेल तर तेवढ्या भागात खुंट्या ५ मीटरवर आणा.

वक्राचं समीकरण हाताशी असेल तर खुंट्या लागत नाहीत: वरचा वक्र वजा खालचा वक्र, गुणिले डीएक्स (कापाची अगदी बारीक जाडी). मात्र वक्र एकमेकांना छेदतात तिथे इंटिग्रल तोडावा लागतो. साइनच्या पूर्ण लाटेचा इंटिग्रल शून्य येतो, कारण अक्षाखालचा भाग उणे धरला जातो. तो शून्य उत्तर म्हणून लिहिणारे दरवर्षी भेटतात.

आता घनफळ. उन्हाळ्यात नागपुरात पाणपोईवर ठेवतात तसा ६० सेंटीमीटर उंचीचा रांजण घ्या. आत पट्टी घालून त्रिज्या मोजता येत नाही, पण बाहेरून शिंप्याचा टेप गुंडाळता येतो. वर्तुळाचं क्षेत्रफळ म्हणजे घेराचा वर्ग भागिले ४ पाय (४π), म्हणजेच १२.५६६. तळापासून दर १५ सेंटीमीटरला घेर घेतले: ९४, १४४, १६३, १४४, ८२. आधी प्रत्येकाचा वर्ग, मग सिम्प्सन:

(१५/३) × (८८३६ + ४ × ४१४७२ + २ × २६५६९ + ६७२४) ÷ १२.५६६ = सुमारे ९३,३०० घन सेंटीमीटर

म्हणजे ९३ लिटर? नाही. आपण मातीही मोजली. भिंत दीड सेंटीमीटर जाड असेल तर प्रत्येक घेरातून २ × पाय × १.५, म्हणजे ९.४ सेंटीमीटर वजा करायला हवेत. तसं करून पुन्हा मांडलं की ८१ लिटर येतात. बोटभर जाडीने बारा लिटर खाल्ले, आणि यात तळाची जाडी अजून धरलेलीच नाही.

दुसरी चूक याहून फसवी. पाच घेरांची सरासरी १२५.४, तिचा वर्ग भागिले १२.५६६, गुणिले उंची असं केलं तर बाहेरचंच घनफळ ९३ ऐवजी ७५ लिटर येतं. तळ आणि तोंड या दोन निमुळत्या टोकांना सरासरीत पोटाइतकंच वजन मिळालं, शिवाय वर्ग सरासरीनंतर केला. वर्गांची सरासरी आणि सरासरीचा वर्ग यांत नेहमी फरक राहतो, घेर सगळीकडे सारखा असेल तेव्हाच तो मिटतो.

पोकळ वस्तूला काप चकतीऐवजी कड्यासारखा पडतो. संत्र्याची बाहेरची त्रिज्या ३.५ सेंटीमीटर आणि साल ४ मिलिमीटर धरली तर मधल्या कापात सालीचं कडं पाय × (३.५² − ३.१²), म्हणजे ८.३ चौरस सेंटीमीटर. घाईत (३.५ − ३.१)² लिहिलं की उत्तर अर्ध्या चौरस सेंटीमीटरवर येऊन बसतं. मध्यापासून ३.१ सेंटीमीटरच्या वर गर संपतो आणि कड्याऐवजी भरीव चकती येते, म्हणून तिथे इंटिग्रलचे दोन तुकडे करा. बेरीज ५४.८ घन सेंटीमीटर. अख्खं फळ १७९.६ घन सेंटीमीटर, म्हणजे तीस टक्के नुसती साल!

आतापर्यंत कापाची कड उभी सरळ धरून चाललं. पृष्ठफळाला ते चालत नाही, आणि सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. दीक्षाभूमीच्या पोकळ स्तूपाचा व्यास १२० फुटांच्या आसपास सांगतात. हिशोबासाठी ६० फूट त्रिज्येचा अचूक अर्धगोल घुमट घेऊ. एक्स उंचीवर आडवा काप घेतला तर त्याची त्रिज्या √(३६०० − एक्स²). घेर गुणिले डीएक्स मांडून बेरीज केली तर १७,७६५ चौरस फूट येतात. खरं पृष्ठफळ २२,६१९. रंगाच्या डब्यांचा हिशोब पाचव्या हिश्श्याने कोसळला.

कारण पट्टीची रुंदी उभी नाही, तिरकी आहे. ४८ फुटांवर घुमटाची त्रिज्या ३६ उरते आणि तिथली तिरकी पट्टी उभ्या उंचीच्या ६०/३६ पट, म्हणजे पावणेदोन पटीच्या जवळ असते. काप एक फुटाचा घ्या की केसाएवढा, गुणोत्तर तेच. घनफळात मात्र कडेला उरणारा त्रिकोणी तुकडा जाडी निम्मी केली की पाव होतो, काप दुप्पट होतात, एकूण चूक निम्मी होते आणि शेवटी विरून जाते. म्हणून घनफळाला डीएक्स पुरतो, लांबी आणि पृष्ठफळाला तिरकं माप लागतं: √(१ + उताराचा वर्ग) × डीएक्स.

तिरकं माप घेतल्यावर गंमत दिसते. पट्टी = २ × पाय × त्रिज्या × (६०/त्रिज्या) × डीएक्स. त्रिज्या उडाली! म्हणजे घुमटाच्या १० फूट उंचीच्या कोणत्याही पट्ट्याला, तळाच्या असो की माथ्याच्या टोपीला, सारखाच रंग लागतो: ३,७७० चौरस फूट. घरी पडताळायचं तर गोल फळाचे सारख्या जाडीचे काप करून साली आलेखाच्या कागदावर पसरा आणि चौकटी मोजा. नागपुरी संत्रं देठाकडून चपटं, त्यामुळे हिशोब ढळतो, मोसंबी बरी.

लांबीला हेच सूत्र, फक्त घेर नाही. २० मीटर अंतरावरच्या दोन खांबांमध्ये लायटिंगची माळ मध्यभागी २ मीटर झुकवायची आहे. टांगलेल्या माळेचा खरा वक्र कॅटनरी (लोंबत्या साखळीचा वक्र) असतो, पण इतक्या झोळाला पॅराबोला चालतो: वाय = ०.०२ एक्स², उतार ०.०४ एक्स. मध्यापासून एका खांबापर्यंत दोनच पट्ट्या घ्या. ०, ५ आणि १० मीटरवर √(१ + उताराचा वर्ग) येतं १, १.०१९८, १.०७७०. सिम्प्सन लावून दुप्पट केलं की २०.५२ मीटर, आणि अचूक इंटिग्रलही तेवढाच येतो.

झोळ दोन मीटर, जास्तीची माळ फक्त ५२ सेंटीमीटर. उलटं वाचा: बांधताना १० सेंटीमीटर जरी सैल सुटली तरी मध्ये ८७ सेंटीमीटरचा झोळ पडतो. खाली रस्ता असेल तर माळ अंदाजाने तोडू नका.