कोरलेला केक ढासळला तर

हत्ती, गाडी, किल्ला असा कोरलेला केक कलला की हात आधी क्रीमच्या कोनाकडे जातो. नको. मऊ केक दाबत राहिलात तर तडा वाढतच जातो. आधी तासभर फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्या. तोवर 100 ग्रॅम गरम क्रीममध्ये 200 ग्रॅम डार्क चॉकलेट वितळवून गनाश करा. पडलेला चुरा फेकू नका. त्यात चमचा-चमचा गनाश घालून लाडू वळता येईल इतपत मळा आणि सोंड, चाक, बुरूज, जे तुटलं ते त्यातूनच घडवा. तडा घट्टसर गनाशने सांधा, आत जाड स्ट्रॉ उभे खुपसा (टूथपिक नकोच, पोरांच्या तोंडात जाते). वरून गनाशचा पातळ थर देऊन पुन्हा गार करा. व्हिप्ड क्रीमने सांधलेलं मात्र मे महिन्यात मेणबत्ती लावेपर्यंतही टिकत नाही.