वेचणी, काटा आणि सम्यक वाचा

पंचशीलातलं चौथं शील आपण विहारात दर वेळी घेतो, 'मुसावादा वेरमणी'. खोटं बोलायचं नाही, इतकं सगळ्यांना पाठ आहे. पण सम्यक वाचेत, म्हणजे योग्य बोलण्यात, टाळायच्या गोष्टी चार आहेत: खोटं, चहाडी, कठोर बोलणं आणि रिकामी बडबड. आमच्या गावात भांडणं लागतात ती बहुतेक मधल्या दोन्हींमुळे. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात ग्रंथवाचन मी करते, तेव्हा बाया सांगतात, 'ध्यानाला बसलं की मन शांत होते, घरी गेलं की तोंड सुटते.' हे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

भगवान बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलला, विचारलं होतं, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसंच काया, वाचा आणि मनाचं प्रत्येक कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहायचं, की याने मला किंवा दुसऱ्याला त्रास होईल का. बोलण्यापुरतं हे धरलं तरी पुष्कळ झालं.

आधी पाहणं सगळ्यात अवघड, कारण वेळ फार थोडा मिळतो. आमच्याकडे कापूस वेचणीची मजुरी किलोवर असते. संध्याकाळी धुऱ्यावर मी काटा लटकवला, की दिवसभर कंबर वाकवलेली बाई आपलं गठुडं त्यावर चढवते आणि काट्याकडे टक लावून पाहते. वजन तिच्या अंदाजापेक्षा कमी भरलं, की म्हणते, "काटा चुकून राहिला न काकू!" माझ्या छातीत लगेच गरम होतं, जबडा आवळतो. सजगतेचं काम इथंच. उत्तर शोधायचं नाही. आधी ते गरम होणं ओळखायचं, पाय ढेकळावर टेकलेले जाणवू द्यायचे, एक श्वास आत आणि एक बाहेर होऊ द्यायचा. मग म्हणायचं, "उतरव, काटा रिकामा पाहू, पुन्हा चढवू." तिचा संशय खरा असू शकतो, आणि तिच्या घरची चूल त्या वजनावर पेटते. "मी काय लबाड हाओ काय?" हे वाक्य मात्र गिळायचं. त्याने वजनाचा प्रश्न बाजूला पडतो आणि भांडण माणसांचं होतं.

रागाचा निरोप मोबाइलवर पाठवायचा असेल तर बोलून रेकॉर्ड करा, पण पाठवण्याआधी स्वतः ऐका. आपलाच आवाज कानावर पडला की अर्धे निरोप पुसावेसे वाटतात.

वेळही पाहायची. योग्य वेळी, खरं, सौम्य, हिताचं आणि मैत्रीभावनेनं बोलावं, असं बुद्धांनी सांगितलं. त्यात वेळेचं नाव पहिलं येतं. घरचे कापूस विकून आले, की दारातच "भाव काय लागला?" विचारायचं नाही. हातपाय धुवू द्या, चहा होऊ द्या. भाव तोच राहतो, ऐकणारा माणूस बदललेला असतो.

बोलताना पाहायचं ते आवाजाकडे. तो चढला, की वाक्य अर्धवट सोडलं तरी चालतं. वेचता वेचता ओळीत चहाडी सुरू झाली, कोणाच्या सुनेचं काही निघालं, तर मी एवढंच विचारते, "हे तिले सांगितलं काय?" बहुतेक वेळा विषय तिथंच थांबतो.

बोलून झाल्यावर वाटलं की लागलं असेल, तर त्याच माणसाला जाऊन सांगा. मनातल्या मनात पश्चात्ताप करून समोरच्याला काही कळत नाही.

सुरुवात एकाच माणसापासून करा, तीही सोप्या. जिच्याशी जुना वाद आहे त्या जावेपासून नको, लेकरापासून करा.

आणि एक गोष्ट मला फार कळकळीनं सांगायची आहे. गप्प राहणं म्हणजे सजगता नव्हे. खरं आणि हिताचं असेल तर न आवडणारंही तथागत, म्हणजे बुद्ध, बोलत, फक्त वेळ पाहून. घरात दारू असेल तर रात्री प्यालेल्या माणसाशी वाद घालू नका. सकाळी शुद्धीवर असताना, त्याचं ज्याच्यापुढे चालत नाही असं माणूस सोबत घेऊन, आवाज न चढवता, पण स्पष्ट बोला. हात उचलला जात असेल तर मैत्रीभावना म्हणून सोसत बसू नका. घराबाहेर निघा, शेजारणीला हाक मारा, 112 किंवा महिलांसाठीच्या 181 वर फोन करा आणि जे घडलं ते जसंच्या तसं सांगा.